जोशी, सर मोरोपंत विश्वनाथ

(जन्म १८६१). अमरावतीचे वकील, मध्यप्रांत-वऱ्हाड सरकारचे गृहखात्याचे कार्यकारी सभासद, मवाळ पक्षाचे पुढारी आणि संमतिवय समितीचे अध्यक्ष. शिक्षण मुंबई इलाख्यात.

१८८४ च्या सुमारास त्यांनी वऱ्हाडात वकिली सुरू केली व १९२० पर्यंत ती चालवली. त्या काळी अमरावतीचे सार्वजनिक जीवन वकिलांच्याच हाती होते. १८९७ मध्ये काँग्रेसचे तेरावे अधिवेशन तेथे भरले. अध्यक्ष शंकरन नायर, स्वागताध्यक्ष दादासाहेब खापर्डे. पुढे खापर्डे टिळकांच्या बाजूस राहिले, तर रघुनाथराव मुधोळकर आणि मोरोपंत मवाळांत.

कार्यकारी सभासद (१९२०–२५). माँटेग्यू-चेम्सफर्ड (माँटफर्ड) सुधारणांनी प्रांताच्या कारभाराचे दोन भाग केले. सोपीव खाती मंत्र्यांकडे गेली. राखीव खाती गव्हर्नर व त्याच्या कार्यकारी मंडळाकडे राहिली. मोरोपंतांकडचे गृहखाते राखीव होते. वऱ्हाडची स्थिती आणखी चमत्कारिक होती. १९०२ च्या कराराने सालिना २५ लाख रुपयांवर कायमच्या पट्ट्याने घेतलेला हा मुलूख कागदोपत्री निजामाचाच होता. त्यामुळे वऱ्हाडातून निवडून आलेल्या सभासदांची विधिमंडळावर रीतसर नेमणूक करावी लागे आणि ब्रिटिश हिंदुस्थानचा कायदा येथे आपोआप लागू होत नसे.

१९२३ च्या निवडणुकीत डॉ. मुंजे यांच्या नेतृत्वाखाली स्वराज्य पक्षाला विधिमंडळात बहुमत मिळाले. १९२४ मध्ये या बहुमताने अंदाजपत्रकातील मागण्या फेटाळल्या आणि मंत्र्यांचा पगार सालिना दोन रुपयांवर आणला. राखीव खात्यांचा खर्च गव्हर्नरने स्वतःच्या अधिकारात मंजूर केला, म्हणून मोरोपंतांचे खाते चालू राहिले. झळ लागली ती लोकांना दिलेल्या सोपीव खात्यांना. या अडवणुकीच्या राजकारणाबद्दल अभ्यासकांत मतभेद आहेत. १९२५ मध्ये मोरोपंतांची जागा रिकामी झाली, ती अमरावतीचेच श्रीपाद बळवंत तांबे यांनी स्वीकारली. तांबे स्वराज्य पक्षाचे सभासद व विधिमंडळाचे अध्यक्ष होते. सरकारी पद घेण्याच्या त्यांच्या या निर्णयावरून पक्षात फूट पडली आणि प्रतियोगी सहकारितेचा, म्हणजे सरकारशी सशर्त सहकार्य करू पाहणारा, गट वेगळा झाला.

१९२५ च्या कलकत्ता येथील, मवाळांच्या लिबरल फेडरेशनच्या अधिवेशनाचे अध्यक्ष.

संमतिवय समिती (१९२८–२९). मोरोपंतांचे सर्वांत टिकाऊ काम हेच होय. १८९१ च्या कायद्याने संमतिवय, म्हणजे शरीरसंबंधास मुलीची संमती ग्राह्य धरण्याचे वय, दहावरून बारावर नेले, तेव्हा महाराष्ट्रात मोठे वादंग झाले होते. १९२५ मध्ये संमतिवय विवाहांतर्गत तेरा व विवाहबाह्य चौदा झाले. पण कायद्याची माहितीच लोकांना नव्हती आणि घरातल्या गुन्ह्याची फिर्याद करणार कोण, हा प्रश्न उरला. जून १९२८ मध्ये नेमलेल्या दहा जणांच्या समितीत रामेश्वरी नेहरू आणि डॉ. बीडन या दोन स्त्रिया होत्या. समितीने प्रांतोप्रांती फिरून डॉक्टर, शास्त्री, मौलवी, वकील आणि स्त्रिया यांच्या साक्षी घेतल्या. कोवळ्या वयातील बाळंतपणाने मुलींच्या देहाची होणारी हानी सरकारी कागदावर इतक्या विस्ताराने क्वचितच आली होती. संमतिवय वाढवून भागणार नाही, लग्नाचेच वय ठरवले पाहिजे, हा अहवालाचा गाभा. मुलीच्या लग्नाचे किमान वय चौदा, संमतिवय विवाहांतर्गत पंधरा व विवाहबाह्य अठरा, तसेच विवाहांची नोंदणी, अशा शिफारशी समितीने केल्या. हरबिलास सारडा यांचे बालविवाह रोखणारे विधेयक या अहवालासाठी थांबवून ठेवले होते. ते सप्टेंबर १९२९ मध्ये मंजूर झाले व १ एप्रिल १९३० पासून अमलात आले. त्यात मुलीसाठी चौदा व मुलासाठी अठरा हे वय ठरले. नोंदणीची शिफारस मात्र कायद्यात आली नाही. अंमलबजावणी लंगडी राहण्याचे ते एक मोठे कारण मानावे लागेल.

पत्नी यशोदाबाई यांचे ‘आमचा जीवनप्रवास’ हे आत्मचरित्र प्रसिद्ध आहे. सुधारणेची किंमत घरातल्या बाईला कशी मोजावी लागते हे समजून घेण्यासाठी अभ्यासकांनी समितीच्या अहवालाबरोबर तेही वाचावे.