बेडशाचें पाषाणगृह

मावळांतील पावसापुढें लांकडी घर फार काळ टिकत नाहीं. वासे कुजतात, मेढींना वाळवी लागते, आणि कांहीं पिढ्यांनीं घराचा मागमूसही उरत नाहीं. मग दोन हजार वर्षांपूर्वीं आपले पूर्वज घरें कशीं बांधीत, हें कळावें कसें? त्याकरितां कामशेतच्या दक्षिणेस असलेल्या बेडसे गांवाचा डोंगर चढून गेलें पाहिजे. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकाच्या सुमारास तेथें बौद्ध भिक्षूंकरितां लेणीं कोरण्यांत आलीं. तीं पाषाणाचीं आहेत; परंतु त्यांचा प्रत्येक अवयव लांकडी घराची आठवण देतो.

चैत्यगृहापुढें कातळाचे दोन प्रचंड भाग तसेच राखलेले आहेत. त्यांमधील अरुंद वाटेनें आंत शिरतांच सुमारें पंचवीस फूट उंचीचे खांब समोर उभे राहतात. त्यांच्या माथ्यावर हत्ती, घोडे, बैल व त्यांवर आरूढ झालेलीं स्त्रीपुरुषांचीं युग्में आहेत. खांबाचें बूड मात्र घटाच्या आकाराचें आहे. लांकडी खांबास ओल व वाळवी लागूं नये म्हणून तो मडक्यांत उभा करीत असावेत आणि तीच रीत पुढें दगडांत उतरली, असा कित्येक अभ्यासकांचा तर्क आहे. ओसरीच्या भिंतींवर कठडे व कमानदार गवाक्षें यांच्या ओळी एकावर एक कोरल्या आहेत. जणूं मजल्यामजल्यांचें घरच! दगडास यांतील कशाचीच गरज नव्हती. परंतु पाथरवटानें घर पाहिलें होतें तें सुताराचें. म्हणून त्यानें तेंच कोरलें.

जवळचा विहार हें तर भिक्षूंचें प्रत्यक्ष राहतें घर. असे विहार बहुधा चौकोनी व सपाट छताचे असतात. हा सुमारें १८ फूट रुंद व ३२ फूट खोल असून त्याची मागील बाजू अर्धवर्तुळाकार आणि छत गाडीच्या टपासारखें आहे. सभोंवार निजण्याच्या खोल्या आहेत.

या कामास द्रव्य कोणी दिलें, तें ब्राह्मी लिपींतील लेख सांगतात. नाशिकच्या आनंद शेठींचा पुत्र पुष्यणक याचें दान एका लेखांत नोंदलेलें आहे. पाण्याच्या टांक्याचें दान महाभोजाची कन्या महारठिनी सामडिनिका हिचें आहे. नाशिकचा व्यापारी मावळांतील डोंगरांत दान देतो, यावरून त्या काळच्या दळणवळणाची कल्पना येते.

चैत्याच्या छतास पूर्वीं लांकडी फांसळ्या होत्या. कार्ल्यास तशा आजही आहेत. बेडशाच्या नाहींशा झाल्या. परंतु सर्वांत मोठी हानि पावसानें केली नाहीं. १८६१ च्या सुमारापर्यंत गोरे अधिकारी लेणीं पाहावयास येत. त्यांना जागा नीटनेटकी दिसावी म्हणून स्थानिक अंमलदार तेथें रंगसफेदी करवीत. त्या रंगाखालीं प्राचीन भित्तिचित्रांचे अवशेष कायमचे गेले.

आज हीं लेणीं पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखालीं आहेत. मात्र ज्यांच्या घरीं आजोबांची दगडी जोतीं व कोरीव खांब अजून उभे आहेत, त्यांनीं हा प्रसंग ध्यानांत ठेवावा. जुन्या वास्तूस उपेक्षेनें जितका धोका असतो, तितकाच अजाण हौसेनेंही असतो. रंगाचा कुंचला उचलण्यापूर्वीं त्याखालीं काय झांकलें जाणार, हें एकदां पाहून घ्यावें.