वय आणि लिंगानुसार लोकसंख्येचा अंदाज कसा काढतात? बोदवडच्या उदाहरणातून

बोदवड तालुक्यात आज साठीपुढच्या महिला किती? प्रश्न साधा आहे, पण त्याचं सरळ उत्तर देणारा तक्ता सापडत नाही. शेवटची जनगणना २०११ ची. २०२१ ची लांबली, आणि पुढचीचा संदर्भ दिनांक १ मार्च २०२७ आहे. मधल्या १६ वर्षांत कुठे अंदाज वापरतात, कुठे २०११ चेच आकडे. रेशनचा कोटा अजून २०११ वरच ठरलेला आहे. म्हणून हे अंदाज कसे बनतात ते मी इथे सांगतो.

मोजलेला आकडा कुठपर्यंत मिळतो?

जनगणनेचा सी-१४ तक्ता पाच-पाच वर्षांच्या वयोगटात स्त्री-पुरुष संख्या देतो, पण जिल्ह्यापर्यंत. तालुका आणि गाव पातळीवरच्या 'प्रायमरी सेन्सस ॲबस्ट्रॅक्ट'मध्ये वयाचा एकच गट असतो: ० ते ६ वर्षं.

अंदाज कसा काढतात?

केंद्र सरकारच्या राष्ट्रीय लोकसंख्या आयोगाच्या तांत्रिक गटाने २०११ ते २०३६ चे अंदाज दिले आहेत. पद्धतीचं नाव 'कोहॉर्ट कंपोनंट'. प्रोग्रामिंगच्या भाषेत तो एक लूप आहे:

१. २०११ मध्ये २०-२४ वयाच्या महिला २०१६ मध्ये २५-२९ च्या रकान्यात सरकवा.
२. त्यातून मृत्यू वजा करा.
३. स्थलांतराची बेरीज-वजाबाकी करा.
४. १५-४९ वयाच्या महिलांच्या जननदरावरून नवे जन्म काढा, ते मुलगा-मुलगी असे विभागा आणि ०-४ मध्ये भरा.

जन्म-मृत्यूचे दर 'सॅम्पल रजिस्ट्रेशन सिस्टिम'मधून येतात. आधी वय 'गुळगुळीत' करावं लागतं, कारण लोक ४०, ४५, ५० असं गोल वय सांगतात. या अंदाजानुसार देशात ६० वर्षांवरच्यांचा वाटा ८.४ टक्क्यांवरून २०३६ पर्यंत सुमारे १५ टक्के होईल. पण अहवाल राज्यापाशी थांबतो.

मग जिल्ह्याचं काय?

सोपा उपाय म्हणजे राज्याच्या अंदाजाला जिल्ह्याच्या वाट्याने गुणणे. २०११ मध्ये महाराष्ट्र ११,२३,७४,३३३ आणि जळगाव ४२,२९,९१७, म्हणजे ३.७६ टक्के. २००१ मध्ये हाच वाटा ३.८० टक्के होता. वाटा घसरतोय, त्यामुळे तो स्थिर धरला तर आकडा फुगू शकतो. वयोगटात गेलं की चूक अजून वाढते: खान्देशातून तरुण सुरत, पुण्याला कामाला जातात, मुली लग्न होऊन दुसऱ्या तालुक्यात. एकूण संख्या जवळपास बरोबर आली तरी २०-२९ चा रकाना चुकू शकतो.

डेटा जोडताना

- नावाने जोडू नका, कोडने जोडा. रोमन लिपीत बोदवड कुठे 'व्ही'ने लिहिलेलं असतं, कुठे 'डब्ल्यू'ने.
- हद्दी तपासा. १९९८ मध्ये धुळ्यातून नंदुरबार वेगळा झाला, त्यामुळे १९९१ चा धुळे आणि २००१ चा धुळे एक नाहीत.
- वर्ल्डपॉपसारखे १०० मीटरच्या चौकटीतले आकडे मॉडेलने वाटलेले असतात, घरोघरी मोजलेले नाहीत.
- मतदार यादी म्हणजे लोकसंख्या नव्हे. तिच्यात १८ खालचं कुणीच नसतं.

८४२ का लक्षात ठेवायचा?

जळगाव जिल्ह्यात ० ते ६ वयात दर हजार मुलांमागे मुली २००१ मध्ये ८८० होत्या, २०११ मध्ये ८४२. नुसत्या एकूण आकड्यात ही घट दिसत नाही. तीच पिढी २०२७ च्या गणनेत १६ ते २२ वयाची असेल. मुलींचं वसतिगृह, कॉलेजच्या जागा किंवा प्रसूतीच्या खाटा ठरवताना जुनंच स्त्री-पुरुष प्रमाण सगळ्या वयांना लावलं, तर हिशोब पहिल्याच ओळीत चुकतो.

नवे तक्ते येईपर्यंत माझा नियम एकच: ॲपमध्ये किंवा अहवालात आकडा दाखवताना शेजारी 'मोजलेला' की 'अंदाज', कोणत्या वर्षाचा आणि कोणत्या पातळीचा, हे लिहायचंच. ग्रामपंचायतीत तो आकडा वाचणाऱ्याला एवढं तरी कळायला हवं.