दांडीच्या पोटातली सळई

तंतुवाद्यांचा इतिहास लिहिताना वादकांची नावे पुढे येतात. फार तर वाद्य घडवणाऱ्यांची. दुरुस्ती करणाऱ्याला त्यात सहसा जागा मिळत नाही. बेस गिटारच्या बाबतीत ही उणीव आम्हांला विशेष जाणवते. या वाद्याचे आयुष्य ज्या भागावर तोललेले असते तो ऐकणाऱ्याला ठाऊक नसतो, वाजवणाऱ्याला दिसत नाही आणि बिघडेपर्यंत कुणाला आठवतही नाही. दांडीच्या पोटात कोरलेल्या खोबणीतली पोलादी सळई, म्हणजे ट्रस रॉड, हा तो भाग.

तिची गरज का पडते? बेस गिटारच्या चार जाड तारा सुरात लावल्या की त्यांचा एकत्रित ताण 80 किलोच्या आसपास जातो. एखादा धडधाकट माणूस अहोरात्र दांडीला लोंबकळत राहावा, तसाच हा प्रकार. लाकूड हळूहळू पुढे वाकते, तारा पडद्यांपासून उंच जातात, बोटे दुखू लागतात. सळईचे एक टोक लाकडात पक्के असते, दुसऱ्यावर आटे पाडून नट बसवलेला असतो. नट आवळला की सळई ताणली जाते आणि दांडीला तारांच्या विरुद्ध अंगाला रेटते.

ही युक्ती बेस गिटारहून जुनी आहे. अमेरिकेतल्या कालामझू येथील गिब्सन कंपनीत काम करणाऱ्या थॅडियस मॅक्ह्यू यांनी 1921 मध्ये तिच्यासाठी अर्ज केला आणि 1923 मध्ये त्यांना पेटंट मिळाले. तोवर दांडी वाकू नये म्हणून ती जाड ठेवणे किंवा आत कठीण लाकूड घालणे असे उपाय केले जात. 17 वर्षांची मुदत 1940 मध्ये संपली आणि ही सळई सर्वांना खुली झाली. तरी सगळे तिच्याकडे धावले नाहीत. मार्टिन कंपनीने 1934 पासून दांडीत इंग्रजी टी अक्षराच्या आकाराची पक्की पोलादी पट्टी घातली, महायुद्धात धातू दुर्मिळ झाल्यावर तिच्या जागी एबनी लाकूड घातले. नटाने फिरवता येणारी सळई त्यांनी स्वीकारली ती थेट 1985 मध्ये!

लिओ फेंडर हे मुळात रेडिओ दुरुस्त करणारे गृहस्थ. कॅलिफोर्नियातल्या फुलर्टन गावी त्यांचे दुकान होते. त्यांच्या 1950 सालच्या पहिल्या काही गिटारांत सळई नव्हती, मेपलचे कठीण लाकूड पुरेसे आहे असा त्यांचा विश्वास होता. तो टिकला नाही. त्याच वर्षी सळई आली. 1951 मध्ये प्रिसिजन बेस आला तेव्हा 34 इंची तारांची इतकी सडपातळ दांडी शक्य झाली ती या सळईमुळेच. एकसंध मेपलमध्ये मागून खोबण पाडून सळई बसवायची आणि वर अक्रोडाच्या लाकडाची पट्टी चिकटवायची, अशी पद्धत होती. पाठीवरच्या त्या गडद पट्टीला गिटारवाले स्कंक या प्राण्याच्या पट्ट्यावरून नाव देतात. 1959 पासून वर रोजवुडची वेगळी फळी आली, सळई पुढून बसू लागली आणि त्या दांड्यांवरून ही पट्टी नाहीशी झाली.

नट मात्र त्यांनी दांडीच्या बुडाशी ठेवला, जिथे ती चार स्क्रूंनी धडाला जोडलेली असते. म्हणजे पाव फेरा द्यायचा तरी तारा सैल करा, स्क्रू काढा, दांडी उतरवा, फेरा द्या, पुन्हा सगळे जोडा आणि मग पाहा. अंदाज चुकला तर हे सारे पुन्हा. या त्रासाला कंटाळून माणसे दांडी न उतरवताच, तिरक्या स्क्रूड्रायव्हरने नट फिरवू पाहतात. फुलीच्या आकाराची खाच तिथेच झिजते. जुन्या वाद्यांतले पुष्कळ नट असे घाईने मारलेले आहेत.

चांगला कारागीर अशा वेळी आधी काहीच फिरवत नाही. नट फिरतो पण दांडी हलत नाही, म्हणजे बहुधा आटे संपलेले असतात. तिथे एखादा वॉशर पुरतो. खाच गेली असेल तर पातळ कानशीने नवी पाडता येते. नट घट्ट बसला असेल तर जोर नटावर द्यायचा नाही, लाकडावर द्यायचा: ठोकळे लावून शिकंज्यात दांडी हलकेच मागे वाकवायची आणि मग ढिला पडलेला नट फिरवायचा. जुन्या रिकनबॅकर बेसमध्ये दोन सळया असत. तिथे हाताने दांडी वाकवून मग नट केवळ टेकवायचे, हाच नियम होता. तो न जाणता नटच आवळत सुटलेल्यांच्या हातात वरची फळी उखडून आलेली आहे.

सळई टोकाशी तुटली तर भोवतीचे लाकूड काही मिलिमीटर कोरून उरलेल्या भागावर नवे आटे पाडतात. आत खोलवर तुटली तर अक्रोडाची पट्टी किंवा ऊब देऊन वरची फळी काढावी लागते. इथे आम्हां दोघांचा वाद सुरू होतो.

आमच्यापैकी एकाचे म्हणणे, 1950 च्या दशकातली ती पट्टी म्हणजे पोथीतला मूळ पाठ. ती उपटली की पुढच्या अभ्यासकाला उरते ती दुसऱ्याची दुरुस्ती. जेम्स जेमरसन यांचा दाखला ते देतात. डेट्रॉइटच्या मोटाउनच्या असंख्य गाण्यांतला तो बेस, म्हणजे 1962 सालचा प्रिसिजन, त्याच त्या तारा तुटेपर्यंत वापरून वाजवलेला होता. दांडी वाकली होती, इतरांना तो वाजवणे अवघड जाई असे सांगतात. जेमरसनना मात्र त्या बाकातच सूर सापडला होता. 1983 मध्ये, त्यांच्या मृत्यूच्या थोडेच आधी, तो बेस चोरीला गेला.

दुसऱ्याचे उत्तर मिरजेहून येते. तानपुऱ्याची जवारी काढताना कारागीर दर खेपेला घोडीचा थोडा अंश घासून टाकतो. मूळ पृष्ठभाग गेला म्हणून तिथे कुणी हळहळत नाही, कारण तानपुरा गाण्यासाठी असतो. जेमरसन यांचा बाक त्यांच्या बोटांनी स्वीकारलेला होता. कपाटातल्या बेसचा बाक कुणी स्वीकारला आहे?

आम्ही अद्याप एकमत झालेलो नाही. नीट कारागिरांची एक रीत मात्र दोघांनाही पटते: काढलेला जुना नट ते टाकून देत नाहीत, लहानशा पुडीत घालून वाद्याच्या पेटीतच ठेवतात.