तिसऱ्या रांगेतला पोरगा

‘अरे, ते सगळं खोटं असतं!’ डब्ल्यूडब्ल्यूई बघत बसलेल्या जवळपास प्रत्येक मराठी पोरानं हे वाक्य कधी ना कधी ऐकलेलं आहे. कधी बाबांकडून, कधी मामाकडून. ट्रम्प कार्डांवरची उंची-वजनं पाठ असलेल्या आणि अंडरटेकर मरून परत येतो असं शपथेवर सांगणाऱ्या आपल्या पिढीला त्याचा भयंकर राग यायचा. पण या खेळाचा इतिहास वाचायला घेतला की कळतं, हे वाक्य रेसलिंगच्या धंद्याइतकंच जुनं आहे. आणि ज्या चाहत्यांना ते पक्कं ठाऊक होतं, त्यांच्यातलेच काही पुढे या धंद्यात शिरले. कसे शिरले आणि काय मोजून शिरले, त्याची ही गोष्ट.

राखून ठेवलेला डाव

आपल्याकडे ठरवून लढलेल्या कुस्तीला ‘नूरा कुस्ती’ म्हणतात. आता हा शब्द पेपरात पुढाऱ्यांसाठीच जास्त वापरला जातो, तोही टोमणा म्हणून. अमेरिकेत मात्र नूरा कुस्तीचा रीतसर उद्योग झाला. खरी कुस्ती तासन् तास चालायची, लोक कंटाळायचे. 1920च्या दशकात एड ‘स्ट्रँगलर’ लुईस हा पैलवान, त्याचा मॅनेजर बिली सँडो आणि टूट्स माँड या तिघांनी त्याचा शो केला. लढती आटोपशीर केल्या, डाव दिसायला भारी केले, आणि पैलवानांचा ताफा गावोगाव फिरवला.

1948 साली आयोवा राज्यातल्या वॉटरलू गावात काही प्रमोटर एकत्र आले आणि त्यांनी नॅशनल रेसलिंग अलायन्स काढली. देशाचे इलाखे वाटून घेतले गेले. एकाच्या इलाख्यात दुसऱ्यानं शिरायचं नाही. अमेरिकन सरकारनं 1956 मध्ये मक्तेदारीविरोधी कायद्याखाली त्यांना वेसण घातली, पण इलाख्यांची पद्धत पुढेही बरीच वर्षं टिकली.

या धंद्याची एक सांकेतिक भाषा होती. निकाल ठरलेला असतो हे गुपित जपण्याला म्हणायचे ‘केफेब’. तिकीट काढून येणारा प्रेक्षक म्हणजे ‘मार्क’. हा शब्द जत्रेतल्या ठगांचा, अर्थ साधारण आपल्या ‘बकरा’सारखा. आपल्याकडे म्हणतात की वस्ताद एक डाव राखून ठेवतो. इथे अख्ख्या धंद्यानं मिळून एकच डाव राखून ठेवला होता, आणि तो बाहेरच्याला कळू नये म्हणून काहीही चालायचं. फ्लोरिडात बँडमध्ये गिटार वाजवणारा एक चाहता रेसलर व्हायला गेला, तेव्हा हिरो मात्सुदा या वस्तादानं पहिल्याच दिवशी त्याचा पाय मोडला. पुढे हल्क होगन म्हणून गाजलेला तो चाहता ही गोष्ट स्वतःच सांगायचा.

मे 1987 मध्ये न्यू जर्सीच्या हायवेवर पोलिसांनी एक गाडी अडवली. आत जिम डगन आणि आयर्न शेख. रिंगमध्ये एकमेकांचे कट्टर वैरी, एक अमेरिकेचा झेंडा मिरवणारा आणि दुसरा इराणचा. गाडीत अमली पदार्थ सापडले. दोघांची नोकरी गेली. पण त्या वेळी जास्त गाजलं ते दोघं एका गाडीत होते हे.

बाजूची दारं

मग चाहता आत शिरला कसा? पुढचं दार बंद होतं, म्हणून बाजूच्या दारांनी.

पहिलं दार कॅमेऱ्याचं. न्यू यॉर्कच्या पॉल हेमननं शाळकरी वयातच मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये रिंगच्या कडेला उभं राहून फोटो काढायला सुरुवात केली. लुईव्हिलमध्ये जिम कॉर्नेट हेच करत होता. दुसरं दार कागदाचं. कॅलिफोर्नियातला डेव्ह मेल्टझर 1982 पासून ‘रेसलिंग ऑब्झर्व्हर’ नावाचं वार्तापत्र पोस्टानं पाठवू लागला. कुठल्या शोला किती गर्दी झाली, कोण कंपनी सोडतोय, कोणती लढत किती ‘स्टार’ची, असं सगळं त्यात असायचं. तिसरं दार व्हीएचएस कॅसेटचं. जपानमधल्या लढतींच्या कॅसेट कॉपी करून चाहते एकमेकांना पाठवायचे.

या मंडळींना निकाल ठरलेला असतो हे माहीत होतं. तरी त्यांचं प्रेम कमी झालं नाही, उलट वाढलं. कोण जिंकलं यापेक्षा ते कसं रंगवलं, यात त्यांना रस होता. तमाशात राजा झालेला माणूस खरा राजा नाही हे ठाऊक असूनही आपण शिट्ट्या मारतोच की!

गंमत म्हणजे हे गुपित सरकारदरबारी फोडलं ते मालकांनीच. 1989 मध्ये डब्ल्यूडब्ल्यूएफनं, म्हणजे आजच्या डब्ल्यूडब्ल्यूईनं, न्यू जर्सीच्या सिनेटला स्वतःच सांगितलं की आमचा खेळ ही स्पर्धा नसून करमणूक आहे. कारण साधं होतं. खेळ म्हटलं की क्रीडा आयोगाचे नियम आणि कर आले. ज्यासाठी पोरांचे पाय मोडले, ते गुपित हिशेबाच्या वहीपुढे टिकलं नाही.

तिसऱ्या रांगेतून छतावर

17 ऑक्टोबर 1983. मॅडिसन स्क्वेअर गार्डन. पिंजऱ्यातल्या लढतीत जिमी स्नुका डॉन मुराकोकडून हरला. पण हरल्यावर त्यानं मुराकोला परत आत ओढलं, पिंजऱ्याच्या माथ्यावर चढला आणि तिथून खाली उडी मारली. निकाल आज किती जणांना आठवत असेल? उडी मात्र सगळ्यांना आठवते.

तिसऱ्या रांगेत कॉलेजातला एक पोरगा बसला होता. हे बघायला तो लोकांच्या गाड्यांना हात दाखवत कॉर्टलँडहून न्यू यॉर्कला पोचला होता. नाव मिक फोली. आयुष्यात काय करायचं ते त्याचं तिथे ठरलं. त्यानं मित्रांबरोबर घरगुती व्हिडिओ फिल्म केली, त्यात घराच्या छतावरून उडी मारली. मग डॉमिनिक डेनूची या जुन्या रेसलरकडे शिकायला दर आठवड्याला कॉलेजमधून शेकडो मैल गाडी हाकत पेनसिल्व्हेनियात जायचा आणि रात्री गाडीतच झोपायचा.

पुढचं आपल्याला माहीत आहे, कारण ते आपण पाहिलंय. 28 जून 1998, पिट्सबर्ग. अंडरटेकरनं मॅनकाइंडला साधारण 16 फूट उंच पिंजऱ्यावरून खालच्या टेबलावर फेकलं. मॅनकाइंड म्हणजेच फोली. तो परत वर चढला. या वेळी पिंजऱ्याची जाळीच तुटली आणि तो थेट रिंगमध्ये आदळला. जाळी तुटणं ठरलेलं नव्हतं. काही क्षण तो बेशुद्ध होता. उठला, आणि लढत पूर्ण केली. त्याआधी 1994 मध्ये जर्मनीतल्या एका लढतीत त्याचा अर्धाअधिक कान तुटून पडला होता.

1999 मध्ये त्यानं स्वतःच्या हातानं लिहिलेलं आत्मचरित्र आलं आणि न्यू यॉर्क टाइम्सच्या बेस्टसेलर यादीत पहिलं गेलं. त्या पडण्यानंतर मालक विन्स मॅकमॅहननं आपले आभार मानले आणि पुन्हा असलं काही करू नकोस असं बजावलं, असं फोलीनं लिहिलं आहे. मालकाला माणूस कळवळून सांगत होता असं मानू. पण ती चित्रफीत कंपनी आजही दाखवते.

प्रेमाचा पगार

आता प्रश्न पैशाचा. अमेरिकेतला मोठा रेसलर म्हणजे पगारी नोकर असं आपल्याला वाटतं. तसं नाही. डब्ल्यूडब्ल्यूई आपल्या रेसलरना ‘स्वतंत्र कंत्राटदार’ मानत आली आहे. कुठे जायचं, काय घालायचं, हरायचं की जिंकायचं हे कंपनी ठरवणार, पण कागदावर तो स्वतंत्र. 2008 मध्ये रेव्हनसह तीन माजी रेसलरनी याविरुद्ध कोर्टात दाद मागितली. दावा फेटाळला गेला. त्याआधी 1986 च्या सुमारास जेसी व्हेंचुरानं युनियन काढायचा प्रयत्न केला होता. हल्क होगननंच ते मालकाच्या कानावर घातलं, असं व्हेंचुरा सांगतो. व्हेंचुरा पुढे मिनेसोटाचा गव्हर्नर झाला, युनियन मात्र आजवर झालेली नाही.

चाहताच मालक झाला तर? पॉल हेमननं फिलाडेल्फियातल्या एका बिंगो हॉलमध्ये ईसीडब्ल्यू चालवली. तिथले प्रेक्षक रेसलरनी वापरावीत म्हणून घरून भांडी-काठ्या आणायचे. मालक, रेसलर आणि प्रेक्षक सगळे एकाच वेडानं झपाटलेले. 2001 मध्ये कंपनी दिवाळखोरीत गेली, तेव्हा अनेक रेसलरचे पैसे थकलेले होते. वेडावर हॉल भरतो, चेक वटत नाही.

तरी चाहते थांबले नाहीत. कॅलिफोर्नियात परसातल्या रिंगमध्ये खेळत वाढलेले यंग बक्स हे दोघे भाऊ टीशर्ट विकून मोठ्या कंपनीविना उभे राहिले. 2017 मध्ये मेल्टझर म्हणाला की लहान कंपनीला दहा हजार तिकिटं एवढ्यात विकता येणार नाहीत. कोडी ऱ्होड्सनं पैज घेतली. 1 सप्टेंबर 2018 ला शिकागोजवळ त्यांच्या ‘ऑल इन’ला 11,263 लोक आले, तिकिटं अर्ध्या तासाच्या आत संपली होती. 2019 च्या जानेवारीत लहानपणापासून चाहता असलेल्या टोनी खानच्या पैशावर एईडब्ल्यू ही नवी कंपनी जाहीर झाली.

आमच्या आयटीत नोकरीच्या जाहिरातीत ‘पॅशन’ हा शब्द दिसला की मला हा इतिहास आठवतो. आवडीचं काम करणारा माणूस स्वतःहून जास्त देतो, हे प्रत्येक धंद्याला कळलेलं असतं. त्यात गैर काही नाही. फोलीनं जे केलं ते त्याला करायचंच होतं, कुणी ढकललं म्हणून तो छतावर गेला नाही. पण कॉलेजात असताना मित्राच्या छतावरून मारलेली उडी त्याची स्वतःची होती. पिट्सबर्गच्या उडीचं तिकीट कुणीतरी विकलं होतं. आज कुठल्यातरी तिसऱ्या रांगेत बसलेल्या पोरानं स्वप्न जरूर बघावं. फक्त सही करण्याआधी कंत्राटात एवढं तपासावं, की पडल्यावर दवाखान्याचं बिल कोण भरणार आहे.