ट्यूब ॲम्प घ्यावा की डिजिटल मॉडेलर? धाराशिवच्या गिटारवादकाने काय बघावे

इलेक्ट्रिक गिटार नुसती छेडली तर तिचा आवाज शेजारच्या खोलीतही जात नाही. तारांखालचा पिकअप त्या कंपनाचा अगदी क्षीण विद्युत संकेत बनवतो आणि ऐकू येणारा आवाज तयार होतो तो ॲम्प्लिफायरमध्ये. म्हणूनच ॲम्प हाही वाद्याचाच भाग समजला जातो. लग्नाच्या ऑर्केस्ट्रात, गणेशोत्सवाच्या स्टेजवर किंवा कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये वाजवणाऱ्याने थोडे पैसे साठवले की त्याच्यापुढे प्रश्न उभा राहतो : ट्यूबचा ॲम्प घ्यायचा की डिजिटल मॉडेलर?

या विषयावरचे बहुतेक व्हिडिओ अमेरिका-युरोपातल्या वादकांचे असतात आणि त्यांत चर्चा होते ती आवाजाची. धाराशिव जिल्ह्यात मात्र वीज, वजन, दुरुस्ती आणि अंतर यांचाही हिशेब करावा लागतो. बऱ्याचदा निर्णय तिथेच होतो.

ट्यूब ॲम्प म्हणजे काय?

घरातल्या जुन्या माणसांना व्हॉल्व्हचा रेडिओ आठवत असेल. बटण दाबले की तो लगेच बोलत नसे, आधी तापायचा. ट्यूब म्हणजे तोच व्हॉल्व्ह. हवा काढून घेतलेल्या काचेच्या नळीत एक भाग तापवला जातो, त्यातून इलेक्ट्रॉन सुटतात आणि मधल्या जाळीवर आलेला छोटा संकेत त्या मोठ्या प्रवाहाला आवर घालतो. ली डी फॉरेस्ट यांनी १९०६ मध्ये तीन भागांची अशी नळी बनवली. जिम मार्शल यांच्या लंडनमधल्या दुकानात १९६२ मध्ये पहिला मार्शल ॲम्प तयार झाला, तो अमेरिकेतल्या फेंडर बासमनच्या धर्तीवर.

ट्यूबला झेपेल त्यापेक्षा जास्त संकेत दिला की लहरीचे शेंडे एकदम छाटले न जाता हळूहळू चपटे होतात. त्यातून मूळ स्वरासोबत त्याचे उपस्वर उमटतात आणि आवाज भरदार, किंचित खरखरीत होतो. तानपुऱ्याची जवारी नीट लागली की एकाच तारेतून अनेक स्वर झंकारतात. तिथली क्रिया वेगळी असली तरी कानाला सुखावतात ते असेच उपस्वर.

मॉडेलर काय करतो?

मॉडेलर हा एक छोटा संगणकच. तो गिटारचा संकेत आकड्यांत बदलतो, एखाद्या ट्यूब ॲम्पमध्ये त्याचे काय झाले असते याचे गणित करतो आणि पुन्हा आवाजात बदलून बाहेर सोडतो. लाइन सिक्स कंपनीचा पॉड १९९८ मध्ये आला आणि हे तंत्र घरोघरच्या वादकांपर्यंत पोहोचले. त्यानंतर फ्रॅक्टलचा ॲक्स-एफएक्स, केम्पर, हेलिक्स, क्वाड कॉर्टेक्स अशी यंत्रे येत गेली. आता न्यूरल ॲम्प मॉडेलर हे सॉफ्टवेअर मोफत मिळते आणि साध्या लॅपटॉपवरही चालते.

आवाजात फरक किती?

रेकॉर्डिंगमध्ये चांगला मॉडेलर आणि खरा ट्यूब ॲम्प यांतला फरक ओळखणे अनुभवी कानालाही जड जाते. फरक जाणवतो तो वाजवणाऱ्याला, ॲम्पसमोर उभे राहिल्यावर. स्पीकरने ढकललेली हवा अंगाला लागते आणि तारेवर बोट हलके पडले की आवाज लगेच निवळतो.

मॉडेलर ‘उशिरा’ आवाज देतो, अशी एक तक्रार असते. चांगल्या यंत्रात हा उशीर काही मिलिसेकंदांचाच असतो. आवाजाला हवेतून एक मीटर जायला सुमारे ३ मिलिसेकंद लागतात. म्हणजे स्पीकरपासून एक-दोन पावले मागे उभे राहण्याइतकाच हा फरक. स्वस्त मोबाइलवरच्या ॲपमध्ये मात्र उशीर बराच वाढू शकतो.

वॉटचा हिशेब

ट्यूब ॲम्प रंगात येतो तो आवाज वाढवल्यावर. इथेच अनेकांची फसगत होते. वॉट दहापट केले तरी कानाला आवाज साधारण दुप्पटच वाटतो. म्हणजे ५० वॉटचा ॲम्प ५ वॉटच्या ॲम्पपेक्षा अंदाजे दुप्पट मोठा. अगदी १५ वॉटचा ट्यूब ॲम्पही पूर्ण उघडला तर जवळून १०० डेसिबलच्या पुढे जातो. ध्वनिप्रदूषण नियम, २००० प्रमाणे निवासी भागाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे. गल्लीतल्या घरात रात्री सराव करणाऱ्याला त्यामुळे ट्यूबचा खरा रंग ऐकायला मिळतच नाही. मॉडेलरला हेडफोन लावला की हा प्रश्न उरत नाही.

वीज आणि ऊन

ट्यूबला तापवणाऱ्या तारेचे व्होल्टेज घरच्या लाइटच्या व्होल्टेजवर अवलंबून असते. पुरवठा पडला की ॲम्प मरगळतो, चढला की ट्यूबचे आयुष्य घटते. जनरेटरवरच्या कार्यक्रमात हे हमखास घडते. चांगला स्टेबिलायझर त्यामुळे ट्यूब ॲम्पच्या खर्चातच धरावा. बहुतेक मॉडेलर १०० ते २४० व्होल्टपर्यंत कुठेही चालतात आणि त्यांना वीजही कमी लागते, त्यामुळे छोट्या यूपीएसवर काम भागते. गाण्याच्या मध्येच लाइट गेली तरी मॉडेलर सुरू राहतो.

एप्रिल-मेमध्ये जिल्ह्यात पारा चाळिशी ओलांडतो. ट्यूबची काच तशीही हात भाजेल इतकी तापते. तिला मोकळी हवा लागते, म्हणून मांडवाचा पडदा ॲम्पच्या पाठीला चिकटू देऊ नये. मॉडेलरही थेट उन्हात ठेवू नये, त्याचा पडदा आणि आतले भाग तापून कुरकुरतात.

वजन आणि स्टेज

फेंडरचा ट्विन रिव्हर्ब हा ट्यूब ॲम्प सुमारे २९ किलोचा आहे. त्याच कंपनीने २०१९ मध्ये त्याचीच डिजिटल आवृत्ती काढली, तिचे वजन सुमारे १५ किलो. पेडलच्या आकाराचे मॉडेलर तर पाठीवरच्या पिशवीत मावतात. उमरग्यापासून परंड्यापर्यंत कधी एसटीने, कधी दुचाकीने कार्यक्रमाला जाणाऱ्यासाठी ही मोठी गोष्ट आहे.

दुसरा मुद्दा साउंडवाल्याचा. मोठ्या कार्यक्रमात ट्यूब ॲम्पसमोर माइक लावावा लागतो आणि त्याची जागा इकडची तिकडे झाली की आवाज बदलतो. मॉडेलरची वायर सरळ मिक्सरला जाते. मात्र त्याला स्वतःचा स्पीकर नसेल तर स्टेजवर मॉनिटर लागतोच, आणि तोच खराब असला तर महागडा मॉडेलरही बारीक, कर्कश वाजतो.

दुरुस्ती कोण करणार?

रोज वाजवणाऱ्याच्या पॉवर ट्यूब साधारण एक-दोन वर्षांत बदलाव्या लागतात, छोट्या ट्यूब बरीच वर्षे टिकतात. आज या ट्यूब मुख्यतः रशिया, स्लोव्हाकिया आणि चीन इथे बनतात. मार्च २०२२ मध्ये रशियाने निर्यात अडवल्यावर जगभर ट्यूबची टंचाई आणि भाववाढ झाली होती. ट्यूब ॲम्प घेतानाच बदली संच घेऊन ठेवणे शहाणपणाचे.

ट्यूब ॲम्पच्या आत ३०० ते ५०० व्होल्ट असतात आणि स्विच बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये जीवघेणा भार उरू शकतो. त्यामुळे तो हौसेने उघडू नये. स्पीकर न जोडता चालूही करू नये, आतला ट्रान्सफॉर्मर जळू शकतो. सोलापूर धाराशिवपासून जवळपास ७० किलोमीटरवर आहे, पुणे अडीचशेच्या आसपास. या अंतरात ट्यूबचे काम जाणणारा कारागीर कोण, हे पैसे देण्याआधी शोधावे.

मॉडेलरचीही एक बाजू आहे. त्याचा बोर्ड गेला तर गावातल्या मेकॅनिकला फार काही करता येत नाही, यंत्र कंपनीकडेच पाठवावे लागते. काही वर्षांनी कंपनी नवे सॉफ्टवेअर देणे थांबवते आणि यंत्राची किंमत झपाट्याने उतरते. साठच्या दशकातले ट्यूब ॲम्प मात्र सुटे भाग बदलून आजही वाजतात.

अमेरिकेहून आणलेला ॲम्प

परदेशातल्या नातेवाइकाने आणलेला ॲम्प १२० व्होल्टचा असू शकतो. तो थेट आपल्या २३० व्होल्टच्या प्लगला लावला की खराब होतो. मागच्या पट्टीवरचा आकडा आधी वाचावा, गरज असल्यास पुरेशा वॉटचा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर घ्यावा. पट्टीवर फक्त ६० हर्ट्झ लिहिले असेल तर आपल्या ५० हर्ट्झच्या विजेवर तो जास्त तापू शकतो.

मग कोणी काय घ्यावे?

घरी सराव करणारा, गावोगाव कार्यक्रम करणारा आणि एका रात्रीत दहा प्रकारचे आवाज लागणारा ऑर्केस्ट्रावाला यांच्यासाठी मॉडेलर सोयीचा. ज्याला एकच आवाज मनापासून आवडतो, आवाज वाढवता येईल अशी खोली आहे, ॲम्प फारसा हलवायचा नाही आणि दुरुस्तीची सोय माहीत आहे, त्याने ५ ते १५ वॉटचा छोटा ट्यूब ॲम्प घ्यावा. दुकानात जाताना आपली गिटार सोबत न्यावी आणि घरी जितक्या आवाजात वाजवणार तितक्याच आवाजात दोन्ही ऐकावेत. तेवढ्या आवाजात फरक जाणवला नाही, तर जास्तीचे पैसे चांगल्या स्पीकरवर घालवलेले बरे.