रेव्हरंड टिळकांची पाळकवृत्ति

धनी असून ज्यानें शिष्यांचे पाय धुतले, त्या ख्रिस्ताचें नांव सांगणाऱ्या पाळकानें लोकांत वागावें कसें? रेव्हरंड नारायण वामन टिळकांच्या चरित्रांत या प्रश्नाचें उत्तर सांपडतें.

१८६१ सालीं रत्नागिरी जिल्ह्यांतील करजगांवीं जन्मलेल्या या ब्राह्मणपुत्राचें प्राथमिक शिक्षण ठाण्याशेजारील कल्याणास झालें. १८९५ सालीं मुंबईस त्यांनीं बाप्तिस्मा घेतला आणि आप्तस्वकीय दुरावले. पत्नी लक्ष्मीबाई यांच्याशींही कांहीं वर्षें ताटातूट झाली. पुढें १९०० सालीं त्याही ख्रिस्ती झाल्या.

१९०४ सालीं टिळकांस पाळकपदाची दीक्षा मिळाली. अहमदनगरकडील ख्रिस्ती मंडळींत तेव्हां परदेशी चालींवरील गीतांचा भरणा असे. टिळकांनीं उपासनेंत अभंग, भजन आणि कीर्तन आणिलें. तुकोबांची वाणी कानीं बसलेल्या खेडुतास ख्रिस्त परका वाटूं नये, हा त्यांतील हेतु.

परंतु पाळक मिशनचा पगारी नोकर म्हणून ओळखला जाई, तोंवर त्याच्यांत व लोकांत एक पडदा राही. टिळकांनीं १९१७ सालीं ती नोकरी सोडली, संन्यस्त वृत्ति पत्करिली आणि साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ उभारिला. बाप्तिस्मा घेतलेले व न घेतलेले ख्रिस्तभक्त तेथें परस्परांचे बंधु मानले गेले.

९ मे १९१९ रोजीं टिळक मुंबईस निवर्तले. दरबार फार काळ चालला नाहीं. त्यांचे अभंग मात्र मराठी मंदिरांत आजही गाइले जातात. उपदेश पुष्कळ करतात. उपदेशासाठीं निर्वाहाची शाश्वती सोडणारा विरळा!