आज्याची पुंगळी

आमच्या घरात एक पत्र्याची डबी आहे. तीत आजीच्या तुटक्या गाठल्यातले चार मणी आहेत, बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणाच्या दिवसांतले वर्तमानपत्राचे एक कात्रण आहे आणि काडतुसाची एक पितळी पुंगळी आहे. ही पुंगळी म्हणजे आमच्या घराण्याचा मानाचा तुरा. आजा १९१७ च्या महार पलटणीत होता, बसऱ्याला लढला आणि तिथून त्याने ती आणली, अशी कथा. वडील दर वर्षी १ जानेवारीला भीमा कोरेगावला जाण्याआधी ती चिंचेने घासून लखलखीत करीत आणि छातीकडच्या खिशात ठेवीत. १४ एप्रिलला आमच्या आळीतल्या कार्यक्रमात ती ताटलीत, हारासमोर असे. मीही चाळीस वर्षे शाळेत आणि सभांत ती दाखवीत आलो. शिक्षकाच्या हातात वस्तू असली की वर्ग गप्प बसतो.

तीन वर्षांपूर्वी एका माजी विद्यार्थ्याने ती ताटलीतून उचलली. आयटीआयमधून टर्नर होऊन निघालेला मुलगा. त्याने ती बोटांत फिरवली आणि म्हणाला, "सर, ही थ्री नॉट थ्रीची नाही. हिला मान नाही."

मला राग आला, हे कबूल करतो. आपल्या माणसाने आपल्याच पुराव्यावर बोट ठेवले की जो राग येतो तो. पण पोराचे म्हणणे डोळ्यांसमोर होते. थ्री नॉट थ्रीचे काडतूस बाटलीसारखे असते. खाली रुंद अंग, वर खांदा, मग अरुंद मान, आणि मानेत गोळी. आज्याची पुंगळी मात्र तळापासून तोंडापर्यंत सरळ, किंचित निमुळती होत गेलेली. चाळीस वर्षे मी ती हातात धरली आणि एवढे पाहिले नाही. दुसऱ्याच्या इतिहासाची चिरफाड करणारे आम्ही, स्वतःच्या डबीत डोकावत नाही.

शाळेच्या प्रयोगशाळेतला व्हर्नियर कॅलिपर मागून आणला. तळाच्या कडेचा व्यास १३.७ मिलिमीटर भरला. कडेच्या वरचे अंग ११.७. लांबी ५७ च्या आसपास. तोंड ११ च्या जवळपास. आता यातला पहिला आणि दुसरा आकडा थेट थ्री नॉट थ्रीचा आहे. तळ तोच, कड तीच. वर मात्र त्या काडतुसाचे तोंड बाहेरून साडेआठ मिलिमीटरच्या थोडे पुढे असते, आणि इथे अकरा. कोणी मान कापून टाकली असेल काय? तसे असते तर लांबी पंचेचाळिसाच्या आसपास उरली असती, कारण थ्री नॉट थ्रीचा खांदा तिथेच सुरू होतो. त्याआधीच्या मार्टिनी-हेन्री रायफलचे काडतूस म्हणावे तर त्याची कड एकोणीस मिलिमीटरची, केवढी तरी जाड. शिकारीच्या फोर-टेन बंदुकीचे म्हणावे तर त्याचे बूड १२.१ मिलिमीटर. फरक अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी, पण बंदुकीच्या घरात तेवढ्यावरच काडतूस अडते.

तळावर अक्षरे होती. इंग्रजी के, इंग्रजी एफ आणि त्यांच्यामध्ये बाणाची खूण. बाण म्हणजे सरकारी मालमत्ता, आणि के-एफ म्हणजे किरकी, आपली खडकी. १८६९ साली पुण्याजवळ उभारलेला दारूगोळ्याचा कारखाना. वर्षाचे आकडे मात्र गेले होते. वडिलांच्या चिंचेने ते नेले. ज्या प्रेमाने वस्तू जपली त्याच प्रेमाने तिची तारीख पुसली.

एवढ्यावर ओळख पटली. ही फोर-टेन मस्केटची पुंगळी. शिकारीची फोर-टेन वेगळी आणि ही वेगळी. पहिल्या महायुद्धानंतर बंगालमधल्या इशापूरच्या रायफल कारखान्यात लष्करी ली-एन्फिल्ड रायफली घेऊन त्यांच्या नळीतले पीळदार आटे काढून टाकले, नळी ०.४१० इंच रुंद आणि गुळगुळीत केली, आणि दहा काडतुसे बसायची त्या जागी लाकडाचा ठोकळा ठोकला. म्हणजे एका वेळी एकच बार. काडतूसही त्यासाठी वेगळे. थ्री नॉट थ्रीच्याच पुंगळीला मान काढायची नाही, सरळच ठेवायची, आणि आत शिशाची एक गोळी किंवा छर्रे भरायचे. ही शस्त्रे पोलीस, तुरुंगाचे पहारेकरी, तिजोरीचे रखवालदार यांच्या हाती दिली.

यातली हिकमत समजून घेण्यासारखी आहे. लांबून पाहिले तर शिपायाच्या खांद्यावर सैन्याचीच रायफल. जमावाला धाक तेवढाच. पण उद्या तो शिपाईच फिरला, किंवा जमावाने चौकी लुटली, तर त्या बंदुकीने दूरचा नेम लागत नाही. तिची काडतुसे सैन्याच्या रायफलीत शिरत नाहीत, कारण तोंड रुंद. सैन्याच्या काडतुसातली गोळी हिच्या नळीत सैल, तिला पकड नाही. बाजारातले शिकारी काडतूसही हिच्या घरात नीट बसत नाही. शस्त्र द्यायचे पण त्यातला कणा काढून द्यायचा. इंग्रज हे फक्त हिंदुस्थानातच करीत होता असे नाही. इजिप्तच्या पोलिसांसाठी ग्रीनर कंपनीने बनवलेल्या बंदुकीला असेच खास काडतूस होते. लोकांनी दुसऱ्या काडतुसाला कागद गुंडाळून ते त्यात बसवायला सुरुवात केली, तेव्हा पुढच्या नमुन्यात काडतुसाला बाटलीचा आकार दिला आणि घोड्याच्या टोकाला तीन दाते बसवले, म्हणजे दुसरे काडतूस कोणी कोंबले तरी उडू नये.

या अविश्वासाचे मूळ १८५७ मध्ये आहे, आणि तिथेही गोष्ट काडतुसापासूनच सुरू होते. त्या वर्षीच्या जानेवारीत कलकत्त्याजवळच्या डमडम छावणीत एका खालच्या मानल्या गेलेल्या जातीच्या खलाशाने ब्राह्मण शिपायाकडे पाण्यासाठी लोटा मागितला. शिपायाने विटाळ सांगितला. तेव्हा खलाशी म्हणाला की नव्या काडतुसाला लावलेली चरबी दातांनी तोडाल तेव्हा तुमची जात कुठे राहील? ही हकिकत तिथल्या इंग्रज अधिकाऱ्याने तेव्हाच वर कळवलेली आहे. त्या खलाशाला पुढे उत्तरेतल्या आपल्या बांधवांनी मातादीन भंगी हे नाव दिले आणि त्याचे पुतळे उभारले. पाठ्यपुस्तकात मंगल पांडे आहे, काडतूस आहे, चरबी आहे. तहानलेला माणूस नाही.

बंड मोडल्यावर इंग्रजांनी तोफखाना जवळजवळ सगळा गोऱ्यांच्या हाती घेतला, गोऱ्या-काळ्या पलटणींचे प्रमाण बांधले आणि देशी शिपायांसाठी १८५८ च्या नमुन्याची गुळगुळीत नळीची बंदूक काढली. बाहेरून एन्फिल्ड रायफल, आतून आटे नाहीत. फोर-टेन मस्केटची ही पणजीच म्हणायची. पुढे गोऱ्यांकडे मार्टिनी आली तेव्हा देशी पलटणींना जुनी स्नायडर, आणि गोऱ्यांकडे नवी ली-मेटफर्ड आली तेव्हा देशींना मार्टिनी. नेहमी एक पिढी मागे. १८७८ च्या शस्त्र कायद्याने सामान्य माणसाच्या हातचे शस्त्र परवान्याखाली आणले.

आपल्याला हे वाचताना नवे काही वाटू नये. कोणाच्या हाती काय द्यायचे आणि त्यातले काय काढून द्यायचे, हा हिशेब या देशात इंग्रजाने आणला नाही. गावचा वसूल तालुक्याला पोचवण्याचे काम महाराकडे होते. रात्रीच्या रानातून, चोरांच्या वाटेने, सरकारी पैसा त्याच्या भरवशावर जायचा. त्याच्या हातात काठी. पैशासाठी विश्वासू आणि विहिरीसाठी विटाळ, हा न्याय ज्यांनी चालवला त्यांना आटे काढलेल्या बंदुकीचे तत्त्व कोणी शिकवावे लागले नसते.

इंग्रजाने महाराला बंदूक दिली तीही परत काढून घेतली. कोरेगावच्या स्तंभावर शेवटी 'नाक' लागणारी आमच्या माणसांची नावे कोरलेली आहेत. १८९२-९३ च्या सुमारास महारांची भरती बंद झाली. लढवय्या जातींचे नवे शास्त्र निघाले आणि त्यात आम्ही बसेनासे झालो. गोपाळबाबा वलंगकरांनी १८९४ साली अर्ज केला, शिवराम जानबा कांबळ्यांनी १९१० साली थेट विलायतेच्या भारतमंत्र्याकडे केला. १९१७ साली माणसांची टंचाई पडली तेव्हा कुठे १११ वी महार पलटण उभी राहिली. लढाई संपल्यावर ती ७१ व्या पंजाबी पलटणीत मिसळली आणि १९२१ साली मोडली. चार वर्षांची पलटण.

आणि इथेच आमची कथा अडकली. ही पुंगळी ज्या मस्केटची, ती महायुद्धानंतरची. ती बसऱ्याच्या रणात असणे शक्य नाही. १११ वी पलटणही काठेवाड, एडन आणि वायव्य सरहद्द या बाजूला होती. म्हणजे पुंगळी खोटी की आजा खोटा?

धाकट्या भावाला हे सांगितले. तो चिडला. "दादा, त्यांच्या देवळातल्या मूर्तीचं वय कोण विचारतं? आपल्याच डबीला का कॅलिपर लावतोस?" प्रश्न अगदीच चुकीचा नव्हता. ज्यांच्याकडे सनदा, दप्तरे, वाडे आहेत त्यांची एक गोष्ट खोटी निघाली तर शंभर उरतात. आमच्याकडे एक डबी होती. तरी मला वाटते, बाबासाहेबांनी आपल्याला पोथ्यांची तपासणी शिकवली ती फक्त दुसऱ्यांच्या पोथ्यांसाठी नव्हे.

एक गोष्ट उरली होती. त्या टर्नर पोराने पुंगळीत मोबाईलचा उजेड सोडला. आत काजळी नाही. तळाच्या मधोमध जिथे टोपी बसते ती खोबणही रिकामी, आणि तिच्यातली दोन बारीक छिद्रे स्वच्छ. वडिलांची चिंच बाहेरून लागत होती, आत बोट पोचत नव्हते. म्हणजे ही धुतल्यामुळे स्वच्छ नव्हती. "सर, ही कधी उडालीच नाही," तो म्हणाला. "हिच्यात टोपी बसण्याआधीच ही बाहेर आलीय."

बाहेर म्हणजे कुठून, हे सांगू शकेल असे आमच्या घरात एकच माणूस उरले होते. आत्या. वय सत्त्याऐंशी, दृष्टी अधू, कान शाबूत. तिच्या हातावर पुंगळी ठेवली. तिने अंगठा आतल्या कडेवरून फिरवला.

"ही व्हय," ती म्हणाली. "ही तर खडकीची. आबा दुसऱ्या लढाईत तिथं कामाला व्हते. पितळंच्या भुग्यानं त्यांचं धोतर हिरवं व्हायचं, आई राखंनं धुवायची, जायचं न्हाई. टाकाऊ ढिगातली हाय ती."

"मग बसरा?"

"ते तुझ्या बापानं केलं. आबा पलटणीत व्हते, ते खरं. झोपंत बरळायचे, लेफ्ट राइट, लेफ्ट राइट. पण बसरा मी कधी ऐकला न्हाई."

आजा पलटणीत होता याचा कागद आमच्याकडे नाही. आत्याची आठवण आहे, आणि ती पुंगळीने सिद्धही होत नाही की खोडलीही जात नाही. पण दुसऱ्या गोष्टीचा पुरावा आता हातात आहे आणि तो कोणी मागितला नव्हता. १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली. त्यासाठी बाबासाहेब संरक्षण सल्लागार समितीवरून झगडत होते, आणि जुलै १९४२ पासून ते व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते. आमची तरुण पोरे पुन्हा सैन्याच्या खऱ्या रायफली हातात घेत होती. त्याच काळात त्यांचा एक म्हातारा होत चाललेला माजी शिपाई खडकीला पितळेच्या ढिगाजवळ उभा होता. त्याने उमेदीत थ्री नॉट थ्री चालवली असेल, तर मान न काढलेली पुंगळी कशासाठी आहे हे त्याला पाहताक्षणी कळले असेल. आम्हाला ऐंशी वर्षे लागली. रेजिमेंटचा इतिहास लिहिला जातो, त्या ढिगाजवळच्या माणसांचा कोणी लिहिला नाही. खडकी, देहूरोडच्या वस्त्यांतून किती घरांच्या डब्यांत काय काय पडले आहे, ते आता विचारले पाहिजे. पितळेच्या भुग्याची आठवण असलेली माणसे फार उरलेली नाहीत.

मी आत्याला विचारले, आबांनी हीच का आणली? चांगली मानेची पुंगळीही मिळाली असती.

ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "आईनं बी इचारलं व्हतं. आबा म्हणाले, बाकीच्या तिकडं जात्यात, जर्मनावर. ही हितल्या माणसांवर."

या वर्षी १४ एप्रिलला पुंगळी पुन्हा ताटलीत ठेवली. शेजारी मी एक चिठ्ठी लिहिली: खडकी येथे तयार झालेली, न उडालेली, पोलिसी मस्केटची पुंगळी, आमच्या आज्याने कामावरून आणलेली. भाऊ कार्यक्रमाला आला, चिठ्ठी वाचली, बोलला नाही, पण ताटली त्यानेच हारासमोर सरकवली. आत्याला खुर्चीत बसवून आणले होते. तिने पुंगळी चाचपली, पदराने पुसली आणि म्हणाली, "आता चिंच लावू नगा रे हिला."